जुन्या लॅपटॉपचे वायफाय कार्ड बदलावे का? (थिंकपॅड टी४३०, इंदूर)

अनघा_लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात घरी फायबर आले, २०० एमबीपीएसचा प्लॅन. राउटर हॉलमध्ये आहे. हॉलमधल्याच खुर्चीत बसून मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की १८०-१९० येते. त्याच खुर्चीत मांडीवर लॅपटॉप घेतला की २५ ते ४०. संध्याकाळी शेजारीपाजारी सगळे घरी आले की त्याहून खाली.

लॅपटॉप बाबांचा आहे, थिंकपॅड टी४३०, तिसऱ्या पिढीचा आय५. भावाने एसएसडी आणि जास्तीची रॅम टाकून दिली तेव्हापासून माझे टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल सगळे त्यावर सुखाने चालते. कीबोर्ड तर इतका छान आहे की दुसऱ्या कुठल्या लॅपटॉपवर बसले की बोटे रुसतात. अडचण फक्त वायफायची. क्लायंटच्या मोठ्या फाइली चढवताना आणि व्हिडिओ कॉलवर जीव मेटाकुटीला येतो.

वायफायचे कार्ड वेगळे असते आणि बदलता येते असे कळले. ऑनलाइन इंटेल एएक्स२१० बऱ्याच ठिकाणी दिसते. तेच घेऊ का? की यूएसबी डोंगल पुरेल? सिल्व्हर मॉलमध्ये एका दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "मॅडम, इतना पुराना है, नया ले लो." चांगले चालणारे मशीन मला भंगारात काढायचे नाही.

जिरावन

डोंगल लावा आणि मोकळ्या व्हा. पाच मिनिटांचे काम.

रामबागकर

नवा घेऊ नका, एवढे मी छातीठोक सांगतो. टी४३० ची बांधणी आजच्या पातळ मशिनांना यायची नाही. बाकी पेचकसराव येऊन सांगतीलच.

पेचकस

आलो. अनघाताई, एएक्स२१० ची ऑर्डर अजून दिली नसेल तर थांबा. देऊन झाली असेल तर आधी रद्द करा, कारण खाली सांगतो.

पहिल्यांदा दोन गोष्टी तपासा. एक, राउटरपासून लॅपटॉपला लॅनची केबल लावून स्पीड टेस्ट करा. टी४३० चे लॅन पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहे, त्यामुळे केबलवर पूर्ण वेग आला तर दोष वायफायचाच. (स्वस्त लॅपटॉपांत लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचे असते. तिथे ही चाचणी शंभराच्या आत अडकते आणि लोक उगाच राउटरला नावे ठेवतात.)

दोन, कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स (netsh wlan show drivers) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. त्यात रेडिओ टाइप्स सपोर्टेड अशी एक ओळ येईल. ती ओळ आणि कार्डाचे नाव इथे द्या.

अनघा_लोकमान्यनगर

केबलवर १९६ आले! म्हणजे राउटर आणि प्लॅन दोन्ही ठीक.

कार्ड : इंटेल सेंट्रिनो वायरलेस-एन २२००. रेडिओच्या ओळीत ८०२.११एन, ८०२.११जी, ८०२.११बी एवढेच आहे.

पेचकस

मग निदान झाले. त्या ओळीत "ए" नाही, "एसी" (५ गिगाहर्ट्झवरचे "एन"नंतरचे मानक) नाही. नुसते "एन" असले की लोकांना वाटते कार्ड बऱ्यापैकी नवे आहे, पण "एन" हे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पट्ट्यांवर चालणारे मानक आहे. कार्ड ५ गिगाहर्ट्झवर जाते की नाही ते जुन्या कार्डांत "ए" वरून कळते. तुमचे २२०० फक्त २.४ वर चालते.

आणि २.४ म्हणजे आपल्या इंदूरचा सराफा, रात्री दहानंतरचा, खवय्यांनी तुंबलेला. एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. प्रत्येक घरचा राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे त्याच गर्दीत. कागदावर तुमचे कार्ड ३०० एमबीपीएसचे आहे, पण तो आकडा ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल मिळाला तर. गर्दीत राउटर २० वर उतरतो, जोडणी १४४ ची होते आणि हाती येतात ते तुम्ही लिहिलेलेच आकडे. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर बसलेला आहे म्हणून तो पळतो.

आता एएक्स२१० का नको ते. कारणे तीन.

टी४३० मध्ये कार्डाची जागा मिनी पीसीआयई प्रकारची आहे, अर्ध्या लांबीची. एएक्स२१० येते एम.२ आकारात, २२ बाय ३० मिलिमीटर. ते थेट बसतच नाही, मध्ये ॲडॉप्टर लागतो. ॲडॉप्टर मिळतो, त्यामुळे हे कारण तसे लहान.

दुसरे, अँटेनाच्या तारांची टोके. मिनी पीसीआयईच्या काळातली टोके मोठी, एम.२ ची बारीक. जुनी तार नव्या कार्डावर दाबून बसवायला गेलात तर बसत नाही, आणि जोर केला तर कार्डावरचे टोक उखडते. चांगल्या ॲडॉप्टरवर जुन्या मापाची टोके दिलेली असतात, ती बघून घ्यावी लागतात.

तिसरे कारण सगळ्यात मोठे. या पिढीच्या थिंकपॅडच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम) परवानगी असलेल्या कार्डांची यादी भरलेली असते, तिला व्हाइटलिस्ट म्हणतात. यादीबाहेरचे कार्ड बसवले की मशीन सुरू होतानाच १८०२ क्रमांकाचा संदेश येतो, अनधिकृत नेटवर्क कार्ड आहे, बंद करून काढा. पुढे विंडोजपर्यंत जातच नाही. त्या काळातल्या एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपांतही अशी यादी असे, तिथे १०४ क्रमांकाचा संदेश येतो. डेलच्या लॅटिट्यूडमध्ये ही भानगड नसते.

जिरावन

हे माहीत नव्हते. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशिनात कुठले कार्ड घालायचे ते कंपनी ठरवणार?

पेचकस

त्यांची बाजू अशी की रेडिओ आणि अँटेना यांचे प्रमाणीकरण जोडीने होते, म्हणून जोडी बदलू द्यायची नाही. मला ते पटत नाही. यूएसबीचे वायफाय डोंगल बाहेरून लावले तर चालते, कार्ड आतून लावले की अनधिकृत. ग्राहकाने सुटा भाग बदलू नये हीच त्यामागची इच्छा दिसते, आणि त्यापायी कितीतरी चांगली मशिने लवकर कचऱ्यात गेली याचे मला मनापासून वाईट वाटते.

कान्हकुंज

पेचकस, मग यादी काढून टाकण्याची सोय आहे ना? टी४३० साठी वनव्हायरेन आहे, बदललेली बायोस चढवणारे साधन. चिमटा-बिमटा न लावता पेनड्राइव्हवरून होते. एकदा केले की एएक्स२१० काय, हवे ते घाला.

पेचकस

आहे. पण वनव्हायरेनसाठी बायोस आधी ठराविक जुन्या आवृत्तीपर्यंत खाली आणावी लागते, मग बदललेली बायोस चढवायची. चढवताना वीज गेली किंवा बॅटरी बसली तर मदरबोर्ड मूर्च्छित पडतो, आणि मग चिपला चिमटा लावून प्रोग्रामरने पुन्हा लिहावे लागते. तुम्ही हौशी आहात, तुमच्याकडे दुसरे मशीन आहे. अनघाताईंचे सगळे कामकाज या एका लॅपटॉपवर आहे. त्यांना मी हा रस्ता सुचवणार नाही.

कान्हकुंज

एवढे घाबरवू नका हो. सूचना नीट वाचून, चार्जर लावून, बॅटरी पूर्ण भरून केले तर धोका फार थोडा. आणि मिळते काय बघा : वायफाय ६, ब्लूटूथ ५ च्या पुढचे. पुढची पाच वर्षे बघायला नको.

रामबागकर

ताईंचा प्लॅन २०० चा आहे. दोन अँटेनांचे वायफाय ६ कार्ड ८० मेगाहर्ट्झवर १२०१ ची जोडणी देते, १६० वर २४०२. नळाला अर्ध्या इंचाचे पाणी येते तिथे सहा इंची पाइप कशाला? एएक्स२१० चा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायला राउटरही तसाच लागतो, तो घरी आहे का?

अनघा_लोकमान्यनगर

राउटर फायबरवाल्यांनी दिलेला आहे, दोन पट्ट्यांचा. ६ वगैरे त्यावर काही लिहिलेले नाही.

बायोसला हात लावायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. मार्चअखेरीच्या तोंडावर तर नाहीच. मग मार्ग काय?

पेचकस

सोपा मार्ग आहे. यादीतलेच, पण ५ गिगाहर्ट्झवर चालणारे कार्ड घ्या : इंटेल सेंट्रिनो ॲडव्हान्स्ड-एन ६२०५. टी४३० कारखान्यातून त्या कार्डासह सुद्धा विकला जायचा. दोन अँटेना, ३०० ची जोडणी, आणि मोकळ्या ५ गिगाहर्ट्झवर ४० ची रुंदी सहसा मिळते, त्यामुळे प्रत्यक्षात १५० च्या पुढे जायला हरकत नाही.

घेताना एकच काळजी. बायोस नुसते "६२०५ आहे का" एवढेच बघत नाही, कार्ड कोणत्या कंपनीच्या लॅपटॉपसाठी काढले होते तो उपक्रमांकही बघते. दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपातून निघालेले कार्ड ६२०५ च असूनही अडते. कार्डाच्या चिठ्ठीवर थिंकपॅडवाल्या लेनोव्होचा एफआरयू (सुट्या भागाचा) क्रमांक हवा, ६०वाय३२५३. दुकानदाराला चिठ्ठीचा फोटो पाठवायला सांगा, मग पैसे द्या.

दांडियाबाजार

बडोद्याहून रामराम. वाचतो आहे, छान चर्चा. माझा अनुभव वेगळ्या तऱ्हेचा, म्हणून लिहितो.

माझ्याकडे २०१५ च्या आसपासचा एक स्वस्तातला लॅपटॉप होता (कंपनीचे नाव नको). त्यात यादी वगैरे काही नव्हती, जागाही एम.२ ची. दोन अँटेनांचे झकास कार्ड आणले, उघडतो तर आत तार एकच. मूळ कार्ड एका अँटेनाचे, म्हणून कंपनीने दुसरी तार घातलीच नव्हती. एका तारेवरही कार्ड चालले, ५ गिगाहर्ट्झ मिळाले, वेग मात्र अर्धा. मग रावपुऱ्यातल्या एका कारागिराने स्क्रीनच्या कडेने दुसरी अँटेना चिकटवून बिजागरीतून तार खाली आणून दिली. बिजागरीतून तार काढताना त्याने जी सावकाशी दाखवली ती बघण्यासारखी होती. तार चिमटली जाऊ नये म्हणून झाकण प्रत्येक कोनात उघडून-मिटून बघत होता.

म्हणून सल्ला : कार्ड घेण्याआधी मागचे झाकण उघडून तारा मोजा.

पेचकस

दांडियाबाजार, फार मोलाचे लिहिलेत. टी४३० मध्ये दोन तारा तरी असतातच, ताईंच्या मूळ कार्डालाही दोन लागतात, त्यामुळे तिथे चिंता नाही.

अजून एक भर घालतो. ज्यांचा लॅपटॉप २०१७-१८ नंतरचा आहे त्यांनी एएक्स२०० आणि एएक्स२०१ यांत गल्लत करू नये. दिसायला जुळी भावंडे. पण २०१ (आणि २११) ही कार्डे अर्धवट असतात, त्यांचा उरलेला भाग इंटेलच्या ठराविक नव्या चिपसेटमध्ये असतो. जुन्या किंवा एएमडीच्या मशिनात ती चालत नाहीत. तिथे २०० किंवा २१० च हवे.

आडाबाजार_वाडा

मी जरा उलटा सूर लावतो. ५ गिगाहर्ट्झचे एवढे कौतुक चालले आहे, पण आमच्या वाड्यात या. राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, भिंती हातभर जाड. ओसरीत राउटर आहे. ओसरीत बसलो की ५ गिगाहर्ट्झ वाऱ्यासारखे, माजघरात गेलो की दोन काड्या, देवघरात नेटवर्कच दिसत नाही. २.४ मात्र रडतखडत का होईना, देवघरापर्यंत पोचते. जितकी वारंवारता जास्त तितकी भिंत जास्त खाते. शेवटी माजघरात लॅनची केबल नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवला तेव्हा घरात शांतता झाली.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून +१. आमच्याकडे लष्करात दगडी घर. कार्ड बदलण्याआधी राउटरची जागा बदलून बघा. आमचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता, तो उचलून दाराच्या चौकटीवर ठेवला आणि अर्धे दुखणे गेले.

अनघा_लोकमान्यनगर

माझा तर हॉल एकच आहे, राउटर समोर दिसतो. जाड भिंती आजीच्या घरी होत्या.

जिरावन

माझे डोंगल राहिलेच. व्हाइटलिस्ट नाही, तारा नाहीत, पेचकस नाही. मग विरोध कशाला?

रामबागकर

विरोध नाही, पण नखाएवढ्या डोंगलमध्ये अँटेना ती केवढी असणार? स्क्रीनच्या वरच्या कडेला बसवलेल्या अँटेनाची सर तिला यायची नाही. शिवाय बाहेर आलेले डोंगल मांडीवरून उठताना एकदा तरी दाराला आपटतेच.

पेचकस

डोंगल घ्यायचेच तर दोन पट्ट्यांचे, अँटेना बाहेर असलेले घ्या आणि यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. यूएसबी २ ची कमाल मर्यादा ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. यूएसबी ३ च्या पोर्टमधून मात्र २.४ च्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर निबंध काढला होता. जवळच वायरलेस माउसचा रिसीव्हर लावलेला असेल तर माउस अडखळतो. ५ गिगाहर्ट्झला त्याचा त्रास नाही. ज्यांचे कार्ड मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेले आहे त्यांना डोंगलशिवाय पर्याय नाही, तिथे जिरावन यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर.

कान्हकुंज

मुळात विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. ताई त्यावर जीएसटी आणि बँकेची कामे करतात. वायफायपेक्षा मला त्याची काळजी वाटते.

रामबागकर

हा मुद्दा खरा आहे. मी माझ्या टी४३० वर लिनक्स मिंट टाकले आहे. ६२०५ ला लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही, पेनड्राइव्हवरून सुरू केले की वायफाय जोडले जाते. ताईंची टॅलीची अडचण राहील.

अनघा_लोकमान्यनगर

टॅलीसाठी भाऊ दुसरी सोय बघतो आहे, तो विषय वेगळ्या धाग्यात काढते. इथे कार्डाचे बोलू.

सिल्व्हर मॉलमध्ये जुन्या लॅपटॉपांचे सुटे भाग ठेवणारा एक दुकानदार सापडला. त्याच्याकडे ६२०५ आहे, चिठ्ठीचा फोटो मागवला, एफआरयू पेचकस म्हणतात तोच निघाला. काही शे रुपयांचे काम. आता बसवायचे कसे ते सांगा, शक्यतो मीच बसवीन.

पेचकस

शाब्बास. जरूर स्वतः बसवा.

आधी लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढा, मागची बॅटरी काढा, आणि मग पॉवरचे बटण थोडा वेळ दाबून धरा. टी४३० मध्ये कार्ड कीबोर्डच्या खाली आहे. उलटा केला की तळाच्या काही स्क्रूंजवळ कीबोर्डचे चिन्ह कोरलेले दिसेल, ते स्क्रू काढायचे. सुलटा करून कीबोर्ड स्क्रीनच्या दिशेने किंचित सरकवून उचलायचा. हिसका द्यायचा नाही, खाली पट्टीची केबल जोडलेली असते.

कार्ड दिसले की काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, कोणती तार कुठे ते त्यात राहते. कार्डावर टोकांजवळ १ आणि २ किंवा त्रिकोणाच्या खुणा छापलेल्या असतात, नव्या कार्डावर त्याच खुणांना त्याच तारा.

सगळ्यात नाजूक काम तारांचे. तार धरून ओढू नका. टोकाच्या धातूच्या कडेखाली नख किंवा प्लास्टिकची पट्टी घालून सरळ वर उचला. लावताना टोक अगदी मधोमध आहे ना ते बोटाने चाचपून बघा, जागेवर असेल तर ते इकडे तिकडे सरकत नाही, आणि मग अंगठ्याने सरळ खाली दाबा. बारीक टक् असा आवाज येतो. तिरके दाबले तर आतली सुई वाकते. ही टोके फार तर ३० वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेली असतात, म्हणून चाळा म्हणून उघडझाक नको.

कार्ड तिरपे सरकवा, सपाट दाबा, स्क्रू लावा. स्क्रू मोकळा झाला तर मदरबोर्डवर भटकू देऊ नका, आधी शोधा, मगच बॅटरी लावा.

दांडियाबाजार

पेचकस, हे सगळे एका वेगळ्या लेखात लिहाच. आणि स्क्रू ठेवायला कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावावेत, आमच्या कारागिराची युक्ती.

लष्करवाला

अवांतर : इंदूरकरांनो, सिल्व्हर मॉलपर्यंत जातच आहात तर छप्पन दुकानचे पोहे आमच्या नावानेही खा.

जिरावन

अवांतराला उत्तर : पोह्यांवर मी असणारच, नावच पोह्यांवरच्या मसाल्याचे आहे.

अनघा_लोकमान्यनगर

मंडळी, झाले! रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घालून बसले, बाबा टॉर्च धरून शेजारी. कीबोर्ड उचलला तेव्हा आत इतकी धूळ होती की आधी ब्रशने तेच काम केले. दुसरी तार बसता बसत नव्हती. पेचकसांनी लिहिल्याप्रमाणे बोटाने चाचपत राहिले, एका जागी ती सरकायची थांबली, दाबली आणि टक् झाले. बाबांनाही ऐकू आले.

मशीन सुरू झाले, कुठलाही संदेश नाही. रेडिओच्या ओळीत आता "ए" आहे. पण वेग पहिल्याइतकाच! दोन्ही पट्ट्यांचे नाव एकच असल्याने लॅपटॉप २.४ वरच जाऊन बसतो आहे असे वाटते.

पेचकस

तसेच असणार. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ५ गिगाहर्ट्झला वेगळे नाव द्या आणि लॅपटॉप त्यालाच जोडा. किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबखाली प्रिफर्ड बँड असेल तर तिथे ५ निवडा. चॅनेल ३६ ते ४८ मधला ठेवा. मधले काही चॅनेल रडारशी वाटून घेतलेले असतात, तिथे राउटर मध्येच जागा बदलतो. आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ असू द्या, नुसते डब्ल्यूपीए३ ठेवले तर एवढे जुने कार्ड अडून बसेल.

अनघा_लोकमान्यनगर

वेगळे नाव दिले, चॅनेल ४४. जोडणी ३०० दाखवते, स्पीड टेस्टमध्ये १६० ते १७५. संध्याकाळी आठ वाजताही तेवढेच! कालच्या व्हिडिओ कॉलवर क्लायंटने विचारले, नवा लॅपटॉप घेतला का.

जुने २२०० कार्ड कुणाला हवे असल्यास निरोप करा, टी४३० किंवा त्याच पिढीचा थिंकपॅड एक्स२३० असलेल्या कुणाचे मूळ कार्ड बिघडले असेल तर यादीतले असल्याने उपयोगी पडेल.

आडाबाजार_वाडा

मला द्या. पुतण्याच्या एक्स२३० चे वायफाय मेले आहे, आणि त्याची खोली देवघराशेजारी. तिथे २.४ च लागते.

कान्हकुंज

अभिनंदन ताई. टॅलीचा धागा कधी काढताय?